मनगटाचा हिशेब

अमेरिकेच्या कायद्यात अर्ध्या इंचाला फार महत्त्व आहे. ज्या हत्याराच्या नळीचा आतला व्यास अर्ध्या इंचाहून जास्त, ते हत्यार तिथे तोफा आणि हातबॉम्बच्या वर्गात मोडतं. त्याची नोंदणी वेगळी, कर वेगळा, चौकशीही वेगळी. शिकारीच्या छऱ्याच्या बंदुकांना तेवढी सूट आहे. हा नियम १९६८ सालचा. पुढे २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं ‘मॉडेल ५००’ हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं, तेव्हा त्याच्या गोळीचा व्यास तिनं बरोबर अर्धा इंच ठेवला, म्हणजे १२.७ मिलिमीटर. कायद्याच्या कुंपणाला पाठ टेकून उभी राहिलेली ही गोळी.

तिचे आकडे पाहू. या रिव्हॉल्व्हरसाठी २६ ग्रॅम वजनाची गोळी सर्रास मिळते. सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगानं ती नळीबाहेर पडते आणि तिच्यात ३,४०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. एके-४७ रायफलीच्या गोळीत ही ऊर्जा साधारण २,००० ज्यूल भरते. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदक जिंकलं, त्या प्रकारात .२२ची अडीच ग्रॅमची गोळी वापरतात. तिची ऊर्जा जेमतेम शंभर-सव्वाशे ज्यूल.

एके-४७ला निदान खांद्यावर टेकवायला दस्ता असतो. रिव्हॉल्व्हरला असते फक्त मूठ. त्यामुळे मोठ्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट वरवर पाहता पोलाद आणि दारूची वाटली, तरी तिचा शेवटचा हिशेब होतो मनगटाशी. पोलादानं आपली हद्द दीडशे वर्षांत कितीतरी पुढे नेली. मनगट मात्र होतं तिथेच आहे.

दोन किलोंपासून दोन किलोंपर्यंत

सॅम्युएल कोल्टला अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचं पेटंट मिळालं ते १८३६ मध्ये. त्याची पहिली कंपनी बुडाली. तिला नव्यानं उभं राहायला कारण झालं मेक्सिकोबरोबरचं युद्ध. टेक्सास रेंजर्समधल्या सॅम्युएल वॉकर या अधिकाऱ्यानं घोडदळासाठी दणकट हत्यार मागितलं आणि १८४७ मध्ये ‘कोल्ट वॉकर’ तयार झालं. सहा बारांचं, .४४ व्यासाचं, दोन किलोंहून थोडं जास्त वजनाचं. कमरेला लावून चालायचं हे हत्यार नव्हतं. ते खोगिराला अडकवलेल्या म्यानात राहायचं, म्हणजे वजन वाहायचा घोडा. त्या काळचा धातू कच्चा असल्यानं काही वॉकरांची बार भरायची फिरती चक्रं गोळी झाडताना फुटली. ताकद वाढवायची तर चक्र टिकलं पाहिजे, हा धडा तेव्हापासूनचा.

त्यानंतरच्या पिढ्या हलक्या आणि सोयीच्या झाल्या. धातूचं काडतूस आलं, १८७३ मध्ये कोल्टचं प्रसिद्ध .४५ ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ आलं. ताकद मात्र फार वाढली नाही. वॉकरला खऱ्या अर्थानं मागे टाकणारं काडतूस यायला १९३५ उजाडलं. स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी मिळून .३५७ मॅग्नम काढलं. त्याचं पहिलं रिव्हॉल्व्हर एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना देण्यात आलं.

ताकदीच्या पुढच्या टप्प्यामागे एल्मर कीथ नावाचा आयडाहोतला गुराखी होता. कीथ जन्मला १८९९ मध्ये. पोरवयात मोंटानातल्या मिझुला इथे लागलेल्या आगीत तो इतका भाजला, की त्याच्या डाव्या हाताला गंभीर इजा झाली. तरी पुढं तो शिकारी, वाटाड्या आणि बंदुकांवर लिहिणारा लेखक झाला. काडतुसं घरी भरण्याचा त्याला नाद होता. १९२०च्या दशकात जादा भरलेल्या काडतुसानं त्याच्या .४५ कोल्टचं चक्र फुटलं, आणि त्याचं लक्ष .४४ स्पेशल या काडतुसाकडे वळलं. चक्राचा बाहेरचा घेर तोच, पण भोकं थोडी लहान, त्यामुळे मधल्या भिंती जाड. या साध्या भूमितीवर विसंबून त्यानं .४४ स्पेशलमध्ये कारखान्यांना कधी सुचली नसती एवढी ताकद भरली आणि कंपन्यांनी तशी काडतुसं काढावीत म्हणून अनेक वर्षं लिहून लिहून पिच्छा पुरवला.

अखेर १९५५च्या शेवटी स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर आणि रेमिंग्टनचं काडतूस अशी जोडी आली: .४४ मॅग्नम. नव्या काडतुसाचं पितळी नळकांडं .४४ स्पेशलपेक्षा मुद्दाम तीन मिलिमीटरनं लांब ठेवलं होतं. उद्देश असा, की जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये ते शिरूच नये. उलट दिशेनं मात्र वाट मोकळी राहिली. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जुनं स्पेशल काडतूस खुशाल चालतं. या मोकळ्या वाटेचं महत्त्व पुढे कळेल.

१९७१ मध्ये ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवुडच्या हातात हेच रिव्हॉल्व्हर होतं. तोवर त्याचं नाव ‘मॉडेल २९’ झालं होतं. चित्रपट चालला आणि मॉडेल २९ दुकानांतून मिळेनासं झालं. बंदुकांचे जुने दुकानदार या रिव्हॉल्व्हरचा एक किस्सा नेहमी सांगतात: वापरलेलं .४४ मॅग्नम विकायला यायचं, सोबत पन्नास काडतुसांचा खोका असायचा, आणि त्या खोक्यात चव्वेचाळीस काडतुसं शिल्लक असायची. एकदाच सहा बार काढून मालकाची हौस फिटलेली.

शर्यत तरी थांबली नाही. डिक कसल यानं १९५०च्या दशकात घडवलेलं .४५४ कसल १९८३ मध्ये वायोमिंगच्या फ्रीडम आर्म्सनं पाच बारांच्या रिव्हॉल्व्हरमधून विकायला काढलं. २००१ मध्ये रुगरचं .४८० आलं, आणि २००३ मध्ये मॉडेल ५००. साडेआठ इंचांच्या आसपास नळी असलेल्या मॉडेल ५००चं वजन दोन किलोंवर जातं, म्हणजे जवळपास कोल्ट वॉकरएवढंच. दीडशे वर्षांच्या धातुशास्त्रानंतर रिव्हॉल्व्हर पुन्हा घोड्याच्या खोगिराला शोभेल अशा वजनाचं झालं.

चाप ओढल्यावर

काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर घोड्याचा ठोका पडतो, तिच्या ठिणगीनं दारू पेटते आणि वायूचा दाब चढतो. .३८ स्पेशल या पोलिसी काडतुसात हा दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण अकराशे-बाराशे पट चढू दिला जातो. .४४ मॅग्नममध्ये सुमारे अडीच हजार पट, आणि मॉडेल ५००च्या .५०० मॅग्नम काडतुसात चार हजार पट. म्हणूनच मॉडेल ५००च्या चक्रात सहाऐवजी पाचच भोकं आहेत. भिंती जाड मिळतात, शिवाय चक्र जागेवर अडवणाऱ्या खाचा भोकांच्या नेमक्या वर न येता दोन भोकांमधल्या भरीव भागावर येतात.

गोळी चक्रातून नळीत उडी घेते तिथे, चक्र आणि नळी यांच्यात, एक फट असते. चक्र फिरायचं तर फट हवीच. ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून पाव मिलिमीटरपर्यंत असते. दिसायला नगण्य, पण या फटीतून दोन्ही बाजूंना तापलेल्या वायूचं पातं सुटतं. रायफल धरावी तसा हात पुढं नेऊन नळीखाली ठेवला, किंवा स्वयंचलित पिस्तुलाच्या सवयीनं अंगठा पुढे ताणला, तर हे पातं बोट कापू शकतं. ही फट रिव्हॉल्व्हरलाही सोडत नाही. १९८०च्या दशकात रुगरनं काढलेल्या .३५७ मॅक्सिममच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हाच वायू चक्रावरची पोलादी पट्टी कोरू लागला आणि कंपनीनं ते उत्पादन बंद केलं.

आता धक्का. गोळी आणि वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच संवेग रिव्हॉल्व्हरला मागे मिळतो. न्यूटनचा तिसरा नियम इथे तळहातावर प्रत्यक्ष भेटतो. किलोभर वजनाच्या .३८ स्पेशलमध्ये मागे येणारी ऊर्जा साडेतीन-चार ज्यूल असते. सव्वा किलोहून जड मॉडेल २९ पूर्ण ताकदीचं काडतूस झाडतं तेव्हा ती पंचवीसच्या आसपास जाते. मॉडेल ५०० दोन किलोंचं असूनही साठ ज्यूल ओलांडतं.

इथं वजनाचा गुण कळतो. संवेग ठरलेला असेल तर बंदूक जितकी हलकी, तितकी मागे येणारी ऊर्जा जास्त. २००३च्या सुमाराला स्मिथ अँड वेसननं स्कँडियममिश्रित ॲल्युमिनियमची चौकट आणि टायटॅनियमचं चक्र वापरून .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर अवघ्या सातशे ग्रॅमवर आणलं. दिवसभर कमरेला लावून फिरायला ते उत्तम. पण तेच काडतूस त्यात घातलं तर धक्क्याची ऊर्जा मॉडेल २९च्या जवळजवळ दुप्पट होते. वाहून नेण्याचं सुख आणि झाडण्याचं सुख ही इथे एकमेकांच्या उलट चालतात, आणि घेणाऱ्यानं दोन्हींतलं एक आधी निवडायचं असतं.

धक्का नुसता मागे येत नाही. नळी मुठीच्या वर असल्यानं रिव्हॉल्व्हर मनगटाभोवती वर उसळतं. जुन्या काउबॉय धाटणीची नांगराच्या मुठीसारखी वळलेली मूठ तळहातात फिरते आणि धक्का थोडा पसरवते. आधुनिक मूठ तो सरळ अंगठ्याच्या बेचक्यात आणते. म्हणून तिच्यावर पाठीपर्यंत झाकणारं जाड रबर चढवतात. नळीच्या टोकाला छिद्रं पाडून वायूचा काही भाग वर सोडला तर उसळी कमी होते. मात्र आवाज आणि झोत वाढतो, आणि आवाज आधीच १६० डेसिबलच्या घरात असतो. १४० डेसिबलचा एक ठोकाही ऐकू येण्याच्या शक्तीला कायमची इजा करू शकतो. म्हणून अशा रिव्हॉल्व्हरचे जाणकार कानात बोळे घालतात आणि त्यावर कानटोपही लावतात.

विकत घेणं

अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराकडून रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर वय २१ पूर्ण हवं. ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरायचा, आणि दुकानदार १९९८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय यंत्रणेकडून ग्राहकाच्या गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी करून घेतो. बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. त्यापुढं राज्याराज्यांचे नियम. कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावरही दहा दिवस थांबावं लागतं. काही राज्यांत त्याच दिवशी रिव्हॉल्व्हर घरी नेता येतं. भारतात १९५९चा शस्त्र कायदा सहसा परवान्याशिवाय बंदूक बाळगू देत नाही. परवाना मागणाऱ्याला कारण पटवून द्यावं लागतं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. आपल्याकडे परवानाधारकांच्या हाती दिसतं ते बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२. त्यामुळे या प्रकरणातला अनुभव मुख्यतः अमेरिकेचाच.

जुनं रिव्हॉल्व्हर घेताना जाणकार आधी ते रिकामं असल्याची स्वतः खात्री करतात, मग चक्र हलवून पाहतात. घोडा मागे ओढल्यावर चक्र जागेवर पक्कं बसतं का, प्रत्येक भोक नळीच्या समोर नेमकं येतं का, फट वाजवीपेक्षा रुंद झालीय का, वरच्या पट्टीवर वायूनं कोरल्याच्या खुणा किती खोल आहेत, हे तपासतात. भोक आणि नळी किंचित जरी सरकलेली असली, तर गोळी आत शिरताना तासली जाते आणि शिशाचे कण फटीतून बाजूला उडतात.

खर्च रिव्हॉल्व्हरवर संपत नाही. .५००चं एक काडतूस दोन-तीन डॉलरांना पडतं. त्यामुळे मोठ्या रिव्हॉल्व्हरचे बरेच मालक कीथच्या वाटेनं जाऊन घरीच काडतुसं भरतात. कारण पैशांचं असतं, पण दुसरंही असतं: घरी भरताना ताकद कमी ठेवता येते.

झाडायला शिकणं

मोठ्या रिव्हॉल्व्हरवर नवख्याचा पहिला शत्रू असतो त्याचाच हात. धक्का येणार हे कळल्यावर शरीर गोळी सुटण्याच्या क्षणभर आधीच आवळतं, नळी खाली जाते आणि गोळी लक्ष्याच्या खाली लागते. झाडणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण पाठोपाठ आलेला धक्का सगळं झाकून टाकतो. त्यावरचा जुना उपाय सोपा आहे. शिकवणारा चक्रात काही खरी आणि काही पोकळ काडतुसं मिसळून भरतो. पोकळ काडतुसावर घोडा पडतो, बार होत नाही, आणि नळीनं मारलेली बुडी सगळ्यांना दिसते; सर्वांत आधी झाडणाऱ्याला.

नवख्याच्या हाती पूर्ण ताकदीचं रिव्हॉल्व्हर देताना चक्रात एकच काडतूस भरायची चांगली रीत आहे. धक्क्यानं मूठ सैल होते, माणूस दचकून पुन्हा घट्ट पकडतो, आणि त्या आवळण्यात बोटानं चाप दुसऱ्यांदा ओढला जाऊ शकतो. त्या वेळी नळी आभाळाकडे किंवा त्याच्याच डोक्याकडे वळलेली असू शकते. एकच काडतूस असेल तर दुसऱ्या बाराचा प्रश्नच उरत नाही.

मूठ शक्य तितकी वर धरायची, दोन्ही हातांनी, कोपर किंचित वाकवून. डोळा लक्ष्यावर न ठेवता नळीवरच्या माशीवर ठेवायचा. घोडा आधी हातानं मागे घेतला तर चाप दीड-दोन किलोंच्या जोरानं सुटतो. तो चापानंच मागे न्यायचा तर पाच किलोंहून जास्त जोर लागतो. बार झाल्यावर रिव्हॉल्व्हरला दाबून धरायचं नाही. त्याला वर जाऊ द्यायचं आणि मग खाली आणायचं. धक्का पेलण्याची ताकद दंडात असावी लागते, हा गैरसमज आहे. पाच किलोंच्या चापात माशी न हलू देणारं बोट मिळवायला दंडापेक्षा जास्त वेळ लागतो.

यंत्राच्याही काही खोडी ओळखाव्या लागतात. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं. दारू उशिरा पेटू शकते. बार फुसका झाला तर लगेच थांबायचं. गोळी नळीतच अडकलेली असेल आणि तिच्यामागून दुसरी सुटली, तर नळी फाटते. मोठ्या काडतुसांचा आणखी एक वेगळा त्रास आहे. पहिल्या बाराच्या धक्क्यानं चक्रातल्या बाकीच्या काडतुसांमधली गोळी हळूहळू पुढं सरकते, चक्राबाहेर डोकावते आणि चक्र फिरायचंच बंद होतं. म्हणून या काडतुसांची कड गोळीवर घट्ट वळवलेली असते.

एवढी ताकद कशासाठी?

उत्तरं तीन आहेत. पहिलं शिकार: अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणांची आणि रानडुकरांची शिकार रिव्हॉल्व्हरनं करायला परवानगी आहे. दुसरं खेळ: मेक्सिकोतून आलेल्या लोखंडी आकृत्यांच्या नेमबाजीसाठी १९७६ मध्ये हातबंदुकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १०० मीटरवर, टर्की १५० मीटरवर आणि मेंढा २०० मीटरवर. आकृतीला गोळी नुसती लागून चालत नाही, ती आडवी पडावी लागते, आणि वीस किलोंहून जड मेंढा पाडायला संवेग लागतो. .४४ मॅग्नमला पडद्यावरच्या कीर्तीपलीकडे कष्टाचं काम मिळालं ते याच मैदानात.

तिसरं उत्तर अस्वलांचं. अलास्कात मासे धरायला किंवा पदभ्रमणाला जाणारे लोक मोठं रिव्हॉल्व्हर सोबत नेतात, कारण ते एका हातानं निघतं आणि दुसरा हात मोकळा राहतो. मात्र ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या टॉम स्मिथ यांनी अलास्कातल्या अस्वल-माणूस गाठींचा अभ्यास करून २०१२ मध्ये मांडलेला निष्कर्ष भुवया उंचावणारा होता. बंदूक जवळ असलेल्यांपैकी ज्यांनी ती झाडली आणि ज्यांनी झाडली नाही, त्यांच्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यांच्याच २००८च्या अभ्यासात मिरचीच्या अर्काचा फवारा दहापैकी नऊहून अधिक वेळा अस्वलाला थांबवणारा ठरला होता. धावून येणाऱ्या अस्वलाच्या दोन-तीन सेकंदांत रिव्हॉल्व्हरची ताकद वाया जाते ती नेम न लागल्यानं.

घरात संरक्षणासाठी म्हणून मोठं रिव्हॉल्व्हर ठेवणाऱ्यालाही हेच गणित लागू आहे, शिवाय भिंतींचं भान ठेवावं लागतं. अमेरिकी घरांच्या प्लास्टरच्या भिंती .४४ मॅग्नमची गोळी सहज ओलांडते. आणि घरातल्या बंदुकीचा मोठा धोका बाहेरून येतच नाही. त्या देशात बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. बंदूक कुलूपबंद तिजोरीत आणि काडतुसं वेगळ्या जागी, ही शिस्त म्हणूनच मालकी हक्काचाच भाग मानायला हवी.

तर मग जुने मालक या रिव्हॉल्व्हरमध्ये नेहमी काय झाडतात? बहुतेक वेळा पूर्ण ताकदीचं काडतूस नाही. .४४ मॅग्नमचे मालक सरावाला .४४ स्पेशल वापरतात. १९५५ मध्ये मोकळी ठेवलेली ती उलटी वाट इथे कामाला येते. सव्वा किलोच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे जुनं काडतूस इतकं सौम्य वाटतं, की दुपारभर नेम धरता येतो. .५००साठीही कमी ताकदीची काडतुसं निघाली आहेत. १९६४ मध्ये पोलिसांसाठी काढलेल्या .४१ मॅग्नमलाही सौम्य काडतुसाची जोड द्यावी लागली होती आणि तरीही ते मोजक्याच शहरांच्या पोलिसांनी स्वीकारलं. कारखाने ताकद वाढवत राहिले आणि वापरणारे ती आपल्या मनगटापुरती कमी करून घेत राहिले.

रिव्हॉल्व्हरनं शिकार करणाऱ्यांमध्ये एक साधी कसोटी चालते. साधारण पंधरा सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ कागदावर काढायचं आणि ज्या अंतरावरून चक्रातल्या सगळ्या गोळ्या त्यात पडतात, तेवढंच आपलं अंतर मानायचं. पंचवीस मीटर आलं तर पंचवीस. खोक्यावर छापलेले वेगाचे आणि ऊर्जेचे आकडे कितीही मोठे असले, तरी त्यापलीकडच्या जनावरावर रिव्हॉल्व्हर उचलायचं नाही. .४४नं पन्नास मीटर आणि .५००नं पंचवीस अशी नोंद होत असेल, तर त्या माणसाच्या हातात दोन्हींपैकी .४४च जास्त ताकदीचं आहे.